मॅच लागत का नाही आणि संघ जिंकत का नाही: एकाच बिलाची दोन टोकं

३० ऑक्टोबर २०२५ च्या मध्यरात्री अमेरिकेतल्या लाखो घरांच्या टीव्हीवरून ईएसपीएन गेलं. बिघाड कुठेच नव्हता. यूट्यूब टीव्ही (इंटरनेटवरून केबलसारखी चॅनेलं देणारी सेवा) आणि खेळांच्या ईएसपीएनची मालक डिस्नी यांचा करार संपला, नव्या कराराचा दर जुळला नाही, म्हणून डिस्नीची सगळी चॅनेलं उतरवली गेली. ३ नोव्हेंबरला कॉलेज बास्केटबॉलचा मोसम सुरू झाला तेव्हाही ती बंदच होती. परत आली १४ नोव्हेंबरला. ग्राहकाच्या हाती भरपाई म्हणून २० डॉलरची सूट टेकवण्यात आली.

असं आता जवळजवळ दर वर्षी होतं. २०२३ मध्ये डिस्नी आणि चार्टर ही केबल कंपनी, २०२४ मध्ये डिस्नी आणि डायरेक्टटीव्ही ही डिशवाली कंपनी. बघणाऱ्याला वाटतं, दोन धनदांडग्यांच्या भांडणात आपण उगाच सापडलो. न्यू जर्सीत तर दुखणं दुहेरी आहे. एडिसन, पिस्कॅटवे या पट्ट्यात मराठी घरं भरपूर, बऱ्याच घरांतली मुलं शेजारच्या रटगर्स विद्यापीठात, त्यामुळे आईवडीलही हळूहळू तिथल्या बास्केटबॉल संघाच्या नादी लागतात. मग हिवाळाभर दोन प्रश्न ठरलेले: आजची मॅच कुठे लागणार, आणि हा संघ इतका हरतो कसा?

पहिला प्रश्न टीव्हीचा, दुसरा खेळाचा, असं वाटतं खरं. पण दोन्हींचं मूळ एकाच हिशेबात आहे, आणि त्या हिशेबातली मुद्दल म्हणजे तुमच्या घरचं केबलचं बिल.

## कॉन्फरन्स म्हणजे दूध संघ

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वांत वरच्या पातळीवर साडेतीनशेहून जास्त विद्यापीठं खेळतात. ती तीसेक गटांत विभागलेली आहेत. या गटाला 'कॉन्फरन्स' म्हणतात: बिग टेन, बिग ईस्ट, एसीसी वगैरे. नावावर जाऊ नका. बिग टेनमध्ये २०२४ पासून १८ संघ आहेत.

कॉन्फरन्स समजून घ्यायला आपला दूध संघ आठवावा. एकटा शेतकरी दोन कॅन घेऊन डेअरीशी भाव करत बसत नाही. संघ सगळ्यांचं दूध गोळा करतो, दर ठरवतो आणि पैसे वाटतो. कॉन्फरन्स मॅचच्या प्रक्षेपण हक्कांचं तेच करते. फरक एवढाच, की आपल्याकडे फॅट लागेल तसा दर मिळतो. बिग टेनमध्ये जुन्या सभासदांना फॅट न बघता सारखा वाटा मिळतो. पहिला आलेल्याला जेवढा, तेवढाच तळाला राहिलेल्याला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोसमात एका संघाच्या साधारण तीस-एकतीस मॅच होतात. बिग टेनमध्ये त्यांतल्या २० गटातल्या संघांशी, उरलेल्या बाहेरच्यांशी. मार्चमध्ये ६८ संघांची राष्ट्रीय स्पर्धा होते. २०२५ च्या स्पर्धेत ३१ गटविजेते थेट गेले आणि बाकीच्या ३७ जागा निवड समितीनं भरल्या. २०११ पासून या स्पर्धेची प्रत्येक मॅच चार ठरलेल्या चॅनेलांवर पूर्ण दाखवतात, त्यामुळे तिथे शोधाशोध नाही. सगळी शोधाशोध नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतची. संघ तिथेच हरला, तर चारही चॅनेलं नीट दिसत असून उपयोग काय!

## केबलचं बिल आणि तळमजल्याचा लिफ्टचा खर्च

चॅनेलचे पैसे कोण कोणाला देतं? भारतात 'कॅरेज फी' म्हणजे चॅनेलनं केबलवाल्याला दिलेले पैसे. अमेरिकेत खेळाच्या चॅनेलांबाबत पैसे उलट्या दिशेनं वाहतात. केबल कंपनी प्रत्येक ग्राहकामागे दर महिन्याला ठरावीक रक्कम चॅनेलला देते. त्याला आपण 'घरटी दर' म्हणू. ईएसपीएनचा घरटी दर महिन्याला ९ डॉलरच्या वर असल्याचे अंदाज आहेत. बहुतेक चॅनेलांचा काही सेंटांत असतो.

यात गोम अशी, की चॅनेल मूळ पॅकेजात असलं तर ते बघा किंवा न बघा, पैसे कापले जातातच. सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्याकडूनही लिफ्टचा मेंटेनन्स घेतात तसं. खेळाशी घेणंदेणं नसलेल्या आजीबाईंच्या बिलातून ईएसपीएनला वर्षाला शंभरावर डॉलर जातात. शंभर डॉलर!

म्हणून दर करारात भांडण एकाच जागेवर येतं. चॅनेल म्हणतं, आम्हाला मूळ पॅकेजात घ्या, म्हणजे सगळे भरतील. केबल कंपनी म्हणते, तुम्हाला खेळाच्या वेगळ्या पॅकेजात टाकतो, ज्याला हवं तो घेईल. चॅनेलला हे परवडत नाही, कारण दहातली आठ घरं गळाली तर उरलेल्या दोघांकडून पाचपट घ्यावे लागतील.

बिग टेनचं स्वतःचं चॅनेल ३० ऑगस्ट २००७ ला सुरू झालं, फॉक्सच्या भागीदारीत. कॉमकास्ट या बलाढ्य केबल कंपनीशी नेमका हाच वाद पेटला होता, म्हणून कॉमकास्टच्या ग्राहकांना ते दिसत नव्हतं. दोनच दिवसांनी, १ सप्टेंबरला, अमेरिकन फुटबॉलमध्ये अपालाचियन स्टेट या छोट्या विद्यापीठानं मिशिगनला मिशिगनच्याच मैदानावर ३४-३२ नं हरवलं. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासातला हा सगळ्यांत मोठ्या धक्क्यांपैकी एक, आणि दाखवला त्याच नव्या चॅनेलनं. मिशिगनमधल्या कॉमकास्टच्या घरांना तो घडताना बघता आला नाही. करार व्हायला पुढच्या वर्षीचा जून उजाडला.

करार नेहमी मोसमाच्या तोंडावरच का संपतात, याचंही उत्तर इथेच आहे. तारीख मुद्दाम तशी ठेवतात. मे महिन्यात चॅनेल बंद पडलं तर कोण फोन करून ओरडणार? ऑगस्टच्या अखेरीस बंद पडलं की दुसऱ्या दिवशी केबल कंपनीचे फोन तापतात. तुमचा वैताग हे वाटाघाटीतलं हत्यार आहे. दोन्ही बाजू ते जपून वापरतात.

## रटगर्सला बिग टेननं घेतलं ते कशासाठी

आता मुख्य मुद्दा. बिग टेननं रटगर्सला घ्यायचं ठरवलं नोव्हेंबर २०१२ मध्ये, आणि १ जुलै २०१४ पासून रटगर्स सभासद झालं. सोबत मेरीलँडही आलं. बिग टेन हा मुळात मिशिगन, ओहायो, इंडियाना, इलिनॉय या मध्य-पश्चिमेकडच्या राज्यांचा गट. त्याला हजारभर किलोमीटर पूर्वेकडचं न्यू जर्सी एकदम का आठवलं?

बास्केटबॉलसाठी नक्कीच नाही. रटगर्सचं सोन्याचं वर्ष १९७६. त्या वर्षी सलग ३१ मॅच जिंकून संघ शेवटच्या चारांत पोचला आणि तिथे मिशिगनकडून हरला. त्यानंतर घसरण. १९९१ नंतर राष्ट्रीय स्पर्धेचं तोंड पाहायला २०२१ उजाडलं. म्हणजे ज्या वर्षी बिग टेननं बोलावलं, त्या वर्षी संघ एकवीस वर्षं स्पर्धेबाहेर होता. अशा संघाला गुणवत्तेवर कोण बोलावतं?

बोलावलं ते घरांना. चॅनेलचे घरटी दर दोन प्रकारचे असतात. ज्या भागात त्या कॉन्फरन्सचं विद्यापीठ आहे तो 'घरचा भाग', बाकी 'बाहेरचा'. घरच्या भागात चॅनेल मूळ पॅकेजात बसतं आणि दर चढा लागतो. बाहेरच्या भागात काही सेंट. त्या वेळी चर्चेत असलेला फरक साधारण असा होता: बाहेर काही सेंट, घरच्या भागात डॉलरच्या आसपास.

कागदावर मांडून बघू. समजा एका महानगर भागात ४० लाख केबलची घरं आहेत. दर १० सेंटवरून १ डॉलर झाला तर घरामागे महिन्याला ९० सेंट जास्त. वर्षाला १० डॉलर ८० सेंट. गुणिले ४० लाख, म्हणजे ४ कोटी ३२ लाख डॉलर. एकही बास्केट न टाकता, एकही तिकीट न विकता, दर वर्षी. न्यूयॉर्क हा अमेरिकेतला सगळ्यांत मोठा टीव्ही बाजार, आणि न्यू जर्सीचा उत्तर भाग त्यातच मोडतो. रटगर्स ही त्या बाजाराच्या कुलपाची किल्ली होती.

संघ बरा असता तर दुधात साखर. नसला तरी दूध होतंच.

हाच प्रयोग २०२४ मध्ये दुसऱ्या टोकाला झाला. बर्कलीचं कॅल (कॅलिफोर्निया विद्यापीठ) आणि शेजारचं स्टॅनफर्ड 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स'मध्ये, म्हणजे एसीसीमध्ये गेली. पॅसिफिक महासागर खिडकीतून दिसणारी विद्यापीठं अटलांटिक किनाऱ्याच्या गटात! कॅलच्या बास्केटबॉल संघानं त्याच्या थोडंच आधी, २०२२-२३ मध्ये, ३ मॅच जिंकून २९ हरल्या होत्या. पण बे एरिया, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोभोवतीचा पट्टा, एसीसीच्या चॅनेलसाठी 'घरचा भाग' झाला, आणि हिशेब बसला. त्यांची जुनी कॉन्फरन्स, पॅक-१२, तोवर जवळजवळ रिकामी झाली होती. तिनं २०१२ मध्ये भागीदार न घेता सात चॅनेलं स्वतःच काढली. डायरेक्टटीव्हीनं ती कधीच घेतली नाहीत, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात दुकान बंद झालं. भागीदार म्हणून फॉक्स किंवा ईएसपीएन असलं की 'आमचं हेही चॅनेल घ्या, नाहीतर तेही मिळणार नाही' असा दम देता येतो. एकट्या दुकानदाराला तो देता येत नाही.

## मग माझीच मॅच का दिसत नाही

इतके पैसे घेऊनही मॅच शोधावी लागते, कारण हक्क एका हातात नाहीत. नियम पहिला: हक्क यजमान संघाच्या कॉन्फरन्सचे. रटगर्स घरी खेळलं तर बिग टेनचा करार लागू. गटाबाहेर पाहुणं म्हणून गेलं तर समोरच्याचा. जर्सीतल्याच सीटन हॉल विद्यापीठाशी दर वर्षी मानाची मॅच होते. ती आलटून पालटून एकेकाच्या घरी असते, म्हणजे चॅनेलही आलटून पालटून. एखाद्या छोट्या विद्यापीठाच्या घरी मॅच असली तर ती बहुतेक वेळा ईएसपीएनच्या इंटरनेट सेवेवर जाते. तटस्थ ठिकाणच्या नोव्हेंबरच्या स्पर्धांचा करार स्पर्धा भरवणाऱ्याचा, ते तिसरंच.

नियम दुसरा: मॅच वाटल्या जात नाहीत, उचलल्या जातात. बिग टेनचा २०२३ पासूनचा करार फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या तीन टीव्ही कंपन्यांशी आहे. आधी मोठी चॅनेलं आपापल्या पाळीनं चांगल्या मॅच उचलतात. मग फॉक्सचं खेळाचं चॅनेल एफएस१ आणि बिग टेनचं स्वतःचं चॅनेल, बिग टेन नेटवर्क. काही डझन मॅच फक्त पीकॉक या एनबीसीच्या इंटरनेट सेवेवर जातात, त्या केबलवर दिसतच नाहीत. आणि जी कोणीच उचलत नाही, ती कॉन्फरन्सच्या वेगळ्या सशुल्क सेवेवर. भाजी मंडईत संध्याकाळी उरलेल्या टोपलीसारखं. संघ जितका हरत जातो, तितकी त्याची मॅच त्या टोपलीत जास्त. म्हणजे पडत्या संघाच्या चाहत्याला जास्त ठिकाणी पैसे भरावे लागतात. या सगळ्या व्यवस्थेतली मला सगळ्यांत नतद्रष्ट वाटणारी गोष्ट हीच.

तिसरी भानगड वेळेची. चॅनेल एका मॅचला दोन तासांचा खण देतं. खेळ ४० मिनिटांचा, वीस-वीसचे दोन भाग. पण प्रत्येक भागात चार जाहिरात-विश्रांती ठरलेल्या: घड्याळात १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरली की त्यानंतर खेळ पहिल्यांदा थांबेल तेव्हा. त्यात मध्यंतर, प्रशिक्षकांचे टाइम-आउट, आणि शेवटच्या दोन मिनिटांतले मुद्दाम केलेले फाउल. मागे पडलेला संघ घड्याळ थांबवायला फाउल करतो, समोरचा फ्री थ्रो (कोणी न अडवता टाकायची फेक) टाकतो, परत फाउल. घड्याळातली शेवटची दोन मिनिटं भिंतीवरच्या घड्याळात वीस होतात. बरोबरी झाली तर पाच मिनिटांचा जादा डाव, म्हणजे प्रत्यक्षात आणखी पंधरा-वीस मिनिटं. तुमची मॅच सातला असेल आणि आधीची लांबली, तर सुरुवातीची आठ-दहा मिनिटं फॉक्सच्याच एफएस२ वर किंवा अ‍ॅपवर ढकलली जातात, नाहीतर सरळ बुडतात.

शिवाय २०२४ पासून सिएटल, यूजीन आणि लॉस एंजेलिसचे संघही बिग टेनमध्ये. तिथली मॅच जर्सीत रात्री दहाच्या पुढे सुरू होऊ शकते.

## पैसा आला, मग संघ सुधारत का नाही

आला, पण सगळ्यांनाच आला. रटगर्सला पहिली काही वर्षं पूर्ण वाटाही नव्हता, आणि गाठ होती आधीच गब्बर असलेल्या मिशिगन-ओहायोशी. रटगर्सचा खेळ विभाग वर्षानुवर्षं कोट्यवधी डॉलरच्या तुटीत चालतो. ती तूट विद्यापीठाच्या पैशातून आणि विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भरली जाते. केबल तोडलेल्या पालकांनाही वर्गणी चुकलेली नाही ती अशी.

दरम्यान खेळाचे नियमच बदलले. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचे, जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले. त्याच वर्षी एकदा कॉलेज बदलताना वर्षभर बसून राहण्याची अट गेली. २०२४ मध्ये कितीही वेळा बदलायला मोकळीक मिळाली. कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची जी यादी असते, तिला 'ट्रान्स्फर पोर्टल' म्हणतात. आणि १ जुलै २०२५ पासून, न्यायालयानं मान्य केलेल्या तडजोडीनुसार, विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा सगळे खेळ मिळून २ कोटी ५ लाख डॉलर.

मोठा फुटबॉल संघ असलेल्या ठिकाणी या रकमेचा सुमारे तीन चतुर्थांश वाटा फुटबॉलला आणि १५ टक्क्यांच्या आसपास पुरुषांच्या बास्केटबॉलला, असं सर्वसाधारण सूत्र रूढ झालंय. म्हणजे साधारण ३० लाख डॉलर. बिग ईस्टमधल्या बहुतेक विद्यापीठांना असा मोठा फुटबॉल संघ पोसायचा नसतो, त्यामुळे तिथे बास्केटबॉलला जास्त मिळू शकतं. मर्यादेबाहेर जाहिरातींचे पैसे वेगळे, आणि ते आणायला श्रीमंत माजी विद्यार्थी लागतात.

पोर्टल काय करू शकतं, याचं उदाहरण जर्सीतच आहे. सीटन हॉलनं २०२४ च्या वसंतात एनआयटी ही दुय्यम राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. मोसम संपताच संघ विस्कटला. काहींचं शिक्षण संपलं, काही दुसरीकडे गेले, आणि हुकमाचा एक्का कॅडरी रिचमंड तर शेजारच्या न्यूयॉर्कमधल्या सेंट जॉन्स विद्यापीठात गेला. पुढच्या मोसमात सीटन हॉल ७ जिंकून २५ हरलं. सेंट जॉन्सनं बिग ईस्ट जिंकली.

उलटही होतं. लुईव्हिल विद्यापीठ २०२२-२३ मध्ये ४ जिंकून २८ हरलं, पुढच्या वर्षी ८ जिंकून २४. प्रशिक्षक बदलला, पॅट केल्सी आले, जवळजवळ अख्खा संघ पोर्टलमधून नवा भरला, आणि २०२४-२५ मध्ये २७ विजय, ८ पराभव. पूर्वी संघ बांधायला चार-पाच वर्षं लागायची. आता एक उन्हाळा पुरतो, पैसा आणि माणसं हेरणारी नजर दोन्ही असतील तर.

रटगर्सनं २०२४-२५ मध्ये वेगळा रस्ता धरला. डिलन हार्पर आणि एस बेली ही शाळेतून आलेली दोन अस्सल रत्नं एकाच वर्षी मिळवली. त्या उन्हाळ्यात एनबीए या व्यावसायिक लीगच्या निवडीत हार्पर दुसरा आणि बेली पाचवा गेला. आणि संघ? १५ जिंकले, १७ हरले. राष्ट्रीय स्पर्धा नाही. नोव्हेंबरमध्ये छोट्या गटातल्या केनेसॉ स्टेटकडून हरले, डिसेंबरमध्ये तशाच छोट्या गटातल्या प्रिन्स्टनकडून.

कारणं शोधायला लांब जायला नको. बास्केटबॉलमध्ये पाच जण मैदानावर असतात आणि आठ-नऊ जणांना आलटून पालटून खेळावं लागतं. दोन तारे आणि बाकी कच्चे, असं असलं की समोरचा संघ दोघांवर माणसं लादतो आणि उरलेल्यांना मोकळं सोडून 'टाका' म्हणतो. पहिल्या वर्षाची १८-१९ वर्षांची मुलं २२-२३ वर्षांच्या, पोर्टलमधून तावून सुलाखून आलेल्या गड्यांसमोर उभी असतात. जानेवारीत हार्पर आधी फ्लूनं आणि मग घोट्याच्या दुखापतीनं बेजार झाला. प्रशिक्षक स्टीव्ह पिकिएल यांचे २०२१, २०२२ चे संघ बचावावर मॅच काढायचे. या संघाला ती सवय लागलीच नाही.

## 'आपापली चॅनेलं निवडू द्या ना!'

भारतातून गेलेल्या माणसाला हे सुचणारच. भारताच्या दूरसंचार नियामकानं, ट्रायनं, १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक चॅनेलची किंमत छापायला लावली, १०० चॅनेलांसाठी १३० रुपये अधिक कर असा मूळ आकार ठेवला, आणि १९ रुपयांपेक्षा महाग चॅनेल गठ्ठ्यात घालायला बंदी केली. सुट्टं चॅनेल घेण्याचा हक्क आला. पण बहुतेक लोकांनी शेवटी गठ्ठेच घेतले, कारण सुट्ट्याची बेरीज महाग पडत होती. अमेरिकेत तसा नियम नाही. असता, तर खेळाच्या चॅनेलची सुट्टी किंमत घरटी दराच्या कित्येक पट निघाली असती. इंटरनेटवर ते झालंच आहे. ऑगस्ट २०२५ पासून ईएसपीएन केबलशिवाय थेट मिळतं, सुरुवातीचा दर महिना २९.९९ डॉलर. आजीबाईंनी भरायचं थांबवलं की फरक चाहत्याला भरावा लागतो.

## 'मग केबल सोडली की सुटलो?'

थोडेफार. केबलची आणि तिच्यासारख्या सेवांची घरं दशकभरात जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं घटली. म्हणजे ज्या घरांच्या मोजणीवर रटगर्सला घेतलं, ती मोजणीच विरघळत चालली आहे. कॉन्फरन्सला आता किती घरं नोंदलीत यापेक्षा किती जण खरोखर बघतात, हे मोलाचं झालंय. एसीसीनं तर २०२५ मध्ये ठरवलं, की टीव्हीच्या उत्पन्नातला ६० टक्के वाटा प्रेक्षकसंख्येच्या हिशेबानं वाटायचा आणि ४० टक्के सारखा. दूध संघात अखेर फॅटचं यंत्र आलं. बिग टेनमध्ये अजून नाही.

'तळाच्या संघाला काढून का टाकत नाहीत?' हा प्रश्नही इथेच येतो. युरोपच्या फुटबॉलसारखी खाली ढकलण्याची पद्धत इथे नाही, आणि सभासदांनी आपले हक्क वर्षानुवर्षांसाठी कॉन्फरन्सच्या नावे केलेले असतात. शिवाय कोणीतरी हरल्याशिवाय मिशिगनला वीस मॅचपैकी पंधरा जिंकता कशा येतील?

## रटगर्सच्या चाहत्यानं काय करावं

२०२५ च्या अखेरच्या दरांनी हिशेब असा. यूट्यूब टीव्ही महिना ८२.९९, नोव्हेंबर ते मार्च पाच महिने ४१४.९५ डॉलर, आणि तरीही पीकॉकच्या मॅच वेगळ्या. त्याऐवजी फॉक्सची इंटरनेट सेवा फॉक्स वन १९.९९ (यात फॉक्स, एफएस१, एफएस२ आणि बिग टेन नेटवर्क येतं) आणि पीकॉक जाहिरातींसह १०.९९, मिळून महिना ३०.९८, पाच महिन्यांचे १५४.९०. सीबीएससाठी अँटेना, एकदाच वीस ते चाळीस डॉलर. तटस्थ ठिकाणच्या स्पर्धा आणि काही पाहुण्या मॅच यातून सुटतात, तेवढ्या सोडून द्याव्यात. दोन्ही सेवा महिन्याच्या बोलीवर घ्या आणि मार्चमध्ये संघ बाहेर पडला की त्याच दिवशी रद्द करा.

अँटेना चपटा, खिडकीला चिकटवायचा मिळतो. न्यूयॉर्कची बहुतेक स्टेशनं मॅनहॅटनच्या उंच इमारतींवरून प्रक्षेपण करतात, तेव्हा एडिसनमध्ये ईशान्येकडची खिडकी निवडा. काचेवर धातूचा थर असेल किंवा बाहेर जाळी असेल तर चित्र तुटतं. जागा बदलली की टीव्हीच्या मेनूत जाऊन चॅनेल पुन्हा शोधायला लावा, नाहीतर जुनीच यादी दिसत राहते.

केबलच असेल तर बिलाच्या वरच्या ओळीवर भुलू नका. 'ब्रॉडकास्ट टीव्ही फी' आणि 'रीजनल स्पोर्ट्स फी' या ओळी खाली वेगळ्या असतात. जाहिरातीतली किंमत सगळं धरून सांगायची, असा नियम तिथल्या दूरसंचार आयोगानं २०२४ मध्ये केला, म्हणून नवा करार करताना एकच एकूण आकडा मागा. केबलच्या लॉगिननं चॅनेलांची अ‍ॅपंही उघडतात. मॅच एफएस२ वर ढकलली गेली की ती तिथे बहुतेक सापडते.

रेकॉर्डिंग लावताना शेवटी एक तास वाढवा, बहुतेक केबलच्या पेट्यांत ते जमतं. इंटरनेटवर बघत असाल तर चित्र केबलच्या तीस-चाळीस सेकंद मागे असतं, तेव्हा फोनवरच्या स्कोअरच्या सूचना बंद ठेवा.

आणि काहीच मिळालं नाही तर विद्यापीठाच्या अधिकृत अ‍ॅपवरचं रेडिओ समालोचन, बहुतेक वेळा फुकट. टीव्हीवरचे समालोचक नकोसे झाले असतील, तर टीव्हीचा आवाज बंद करून हेच लावता येतं. रेडिओ मागे असेल तर टीव्ही तेवढे सेकंद थांबवून जुळवा. रेडिओ पुढे असेल तर टीव्ही पुढे ढकलता येत नाही, रेडिओच थांबवून मागे आणावा लागतो. जुळवणी फ्री थ्रोच्या वेळी करावी: मैदान शांत असतं, आणि चेंडू रिंगवर आदळल्याचा आवाज स्पष्ट येतो.